पुस्तक हाताशी धरून सिनेमा शिकलेला चित्रकार : दादासाहेब फाळके

चित्रकला पुस्तकावरून शिकता येते का, असा प्रश्न पालक नेहमी विचारतात. विचारणारच. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात काय किंवा दुसरीकडे काय, खेड्यातल्या बऱ्याच शाळांत चित्रकलेचा वेगळा शिक्षक नसतो. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणारी मुलं मार्गदर्शक पुस्तक समोर ठेवून वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र गिरवत बसतात. या प्रश्नाला हो किंवा नाही असं एका शब्दात उत्तर देण्यापेक्षा दादासाहेब फाळके यांचं आयुष्य बघू या. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून ते पाठ्यपुस्तकात भेटतात, पण ते आधी चित्रकलेचे विद्यार्थी होते हे मुलांना सहसा माहीत नसतं.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरचा. वडील संस्कृतचे पंडित. घरची परंपरा बघता मुलगा शास्त्री व्हायचा, पण १८८५ साली तो मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेला. पुढे बडोद्याच्या कलाभवनात तैलरंग, जलरंग, मातीकाम आणि छायाचित्रण असं बरंच काही शिकला. मग गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला. तिथे प्लेगने पहिली पत्नी आणि मूल गेलं. पुढे काही वर्षं पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी केली, ती सोडून छापखाना घातला. रंगीत छपाईचं नवं तंत्र आणि यंत्रं बघायला १९०९ मध्ये जर्मनीलाही जाऊन आले. भागीदारांशी पटलं नाही म्हणून चालता छापखानाही सोडला. मधल्या काळात जादूचे प्रयोगसुद्धा करून झाले! लोकांना हा माणूस धरसोड वृत्तीचा वाटला असेल तर नवल नाही. पण रेखाटन, भिंग, निगेटिव्ह, रसायनं, शाई एवढ्या सगळ्यांतून त्यांचा हात फिरून आला होता, हे लक्षात ठेवा.

चाळिशीच्या आसपास मुंबईत त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त दिसत होता आणि त्यांच्या मनात राम-कृष्ण उभे राहत होते. आपल्याकडे असं चित्र का होऊ नये, हा विचार काही डोक्यातून जाईना. पण शिकवणार कोण? देशात कथापट बनवायला शिकवणारी एकही शाळा नव्हती.

तेव्हा सेसिल हेपवर्थ या इंग्रज माणसाचं चलचित्रणाच्या मुळाक्षरांचं पुस्तक त्यांच्या कामी आलं. हेपवर्थने ते १८९७ साली लिहिलं, तेव्हा तो २३ वर्षांचा होता. म्हणजे हा 'गुरू' फाळक्यांपेक्षा चार वर्षांनी लहान, बरं का! पुस्तकाच्या जोडीला त्यांनी एक छोटं खेळण्यासारखं सिनेमायंत्र आणलं आणि घरातल्या भिंतीवर चित्रं पाडून बघू लागले. दिवसाचे चार-चार, पाच-पाच तास चित्रपट बघायचे, उरलेला वेळ प्रयोगांत. झोप नाही, विश्रांती नाही. डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ जवळजवळ दिसेनासं झालं. उपचारांनी आणि चष्म्यांनी दृष्टी परत आली. हा भाग मुलांना सांगताना मी त्याचं कौतुक करत नाही. ध्यास मोठा होता, पण डोळेच गेले असते तर?

पुस्तक कुठवर नेतं, हेही त्यांना कळलं होतं. कॅमेऱ्याचं हँडल प्रत्यक्ष फिरताना बघितल्याशिवाय पुढे जाता येणार नव्हतं. म्हणून विम्याची पॉलिसी गहाण ठेवून कर्ज काढलं आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडन गाठलं. तिथे 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या संपादकांना भेटले. ओळखदेख काही नाही, फक्त साप्ताहिकाचे वाचक. त्या संपादकांनी त्यांची गाठ थेट हेपवर्थशीच घालून दिली. ज्याच्या पुस्तकातून अक्षरं गिरवली, त्याच्याच स्टुडिओत उभं राहून काम बघायला मिळालं. विल्यमसन कॅमेरा आणि फिल्मला भोकं पाडण्याचं यंत्र खरेदी करून ते परतले.

आता पैसा हवा होता. त्यासाठी त्यांनी जे केलं, ते आपल्या वर्गात सहज करता येईल. कुंडीत वाटाणा लावला आणि त्याचं रोप वाढताना महिनाभर ठरावीक अंतराने थोडंथोडं टिपत राहिले. 'अंकुराची वाढ' ही मिनिटभराची फिल्म बघून सावकार कर्ज द्यायला तयार झाले. गणिताच्या तासाला यावर एक उदाहरण करून घ्या : त्या काळी सेकंदाला साधारण १६ चित्रं, तर मिनिटाला ९६०. मग ३० दिवसांत रोज किती? आपल्याकडे वाटाण्याऐवजी तूर किंवा सरकी लावा. मोबाईल एका जागी ठेवून रोज त्याच वेळी फोटो घेतले की झालं. आणि हो, रेखावहीत रोज त्याचं चित्रही काढायला लावा. फोटोत न दिसलेलं पेन्सिलला दिसतं.

'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला. तारामतीची भूमिका साळुंके या पुरुष नटाने केली, कारण कोणी स्त्री तयार झाली नाही. पण त्यामागे एक स्त्री होतीच. दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले, साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक सांभाळला. वर रात्री अंधारात फिल्मला भोकं पाडणं आणि ती धुणं ही कामंही केली. त्यांच्या हातात कुठलं पुस्तक नव्हतं, त्या नवऱ्याकडे बघून शिकल्या. पाठ्यपुस्तकात त्यांना एखादी ओळ तरी मिळायला हवी, असं माझं मत आहे.

पुढे नाशिकला कंपनी, अनेक चित्रपट, भांडणं आणि उतरता काळ. बोलपट आले आणि फाळके मागे पडले. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकमध्येच ते गेले. पण त्याआधी, १९१७ च्या सुमारास, त्यांनी एक छोटा माहितीपट केला होता : चित्रपट कसे तयार करतात. त्याचे काही तुकडे आजही शिल्लक आहेत. त्यात फाळके स्वतः नटांना सूचना देताना आणि फिल्मची पट्टी हातात धरून तपासताना दिसतात.