कै. राम गणेश गडकरी आणि तो प्याला

केनवडसारख्या वऱ्हाडी गांवांत ज्या घरचा माणूस दीर्घ दुखण्यानें किंवा दारूनें नेला असेल, त्या घरास राम गणेश गडकरी परके वाटूं नयेत. २६ मे १८८५ रोजीं नवसारीस जन्मलेले हे नाटककार २३ जानेवारी १९१९ रोजीं नागपूर जिल्ह्यांतील सावनेर येथें क्षयानें वारले. वय अवघें ३३. क्षयावरील गुणकारी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सांपडलें तें १९४३ सालीं. त्या झिजत्या देहानें शेवटच्या आजारांत भावबंधन पुरें केलें. राजसंन्यास अपुरेंच राहिलें.

एकच प्याला रंगभूमीवर आलें तें फेब्रुवारी १९१९ मध्यें, बडोद्यास, कर्ता गेल्यावर. त्यांतील सुधाकर वकील चैनीसाठीं पीत नाहीं. न्यायालयांत झालेल्या अपमानाचा सल विसरावा म्हणून तळीरामाच्या आग्रहानें तो पहिला घोट घेतो. व्यसनी मनुष्यास नुसतें नीच ठरविणाऱ्या उपदेशकांनीं एवढें तरी ध्यानांत घ्यावें. आंतली वेदना तशीच ठेवून प्याला हिसकावला, तर हात दुसरा प्याला शोधतो.

मात्र एका गोष्टींत आमचा मतभेद आहे. बालगंधर्वांनीं रंगविलेल्या सिंधूवर प्रेक्षक भाळले. पण तिचें मुकाट्यानें सोसणें लेकीसुनांपुढें आदर्श म्हणून ठेवावें, हें आम्हांस मान्य नाहीं. भाऊ पद्माकर साह्यास उभा असतां तिनें तें नाकारलें, दळण दळून संसार रेटला. आणि तिचें तान्हें मूल नशेंतील बापाच्याच हातून गेलें.