पाव टनाचा ट्रक

आमच्या नाशिकच्या पंचक्रोशीत पिकअप ही काही चैनीची वस्तू नाही. पहाटे गिरणाऱ्याच्या बाजूने टोमॅटोचे क्रेट भरून ती बाजारात येते, दुपारी खताच्या गोणी घेऊन परतते, आणि संध्याकाळी धुऊन-पुसून झाली की तीच गाडी घरच्या मंडळींना लग्नाला नेते. बँकेत होतो तेव्हा अशा वाहनकर्जांचे अर्ज माझ्या टेबलावरून जात. वाहनाचा उपयोग या रकान्यात शेतमाल वाहतूक एवढेच लिहिलेले असे. प्रत्यक्षात पोरांची शाळा, म्हातारीचा दवाखाना, बैलपोळ्याचा बाजार, सगळा संसार त्या गाडीवर चाले. हौद्यात माणसे बसवायची नाहीत हा नियम सगळ्यांना पाठ असतो, आणि तो कोण किती पाळतो हेही सगळ्यांना ठाऊक असते. असो.

माझा भाचा अमेरिकेत असतो. तो रोज कचेरीत जातो तो पिकअप घेऊन! फोर्ड कंपनीने 2021 साली मॅव्हरिक नावाची लहानशी हायब्रिड पिकअप काढली, तीच ही. पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटर अशी जोडी. ब्रेक दाबला की एरवी जी शक्ती फुकट जायची ती बॅटरीत साठते आणि पुढच्या सिग्नलला गाडी उचलायला कामी येते. त्यामुळे मोकळ्या हमरस्त्यापेक्षा शहराच्या गर्दीतच ती अधिक काटकसरीने चालते, लिटरला 18 किलोमीटरच्या आसपास. भाचा फोनवर या नवलाईचे कौतुक सांगत होता, आणि मला मात्र कैलासचंद्र महिंद्रा आठवत होते. लहान ट्रक रोजच्या वापरात आणण्याची गोष्ट आपल्या देशात ज्यांच्यापासून सुरू होते, ते हे गृहस्थ.

त्यांचा जन्म 1894 सालचा, पंजाबातल्या लुधियानाचा. भावंडे नऊ. वडील लवकर गेले आणि घराचा भार थोरले बंधू जगदीशचंद्र यांच्या खांद्यावर आला. जगदीशचंद्र मुंबईत व्हीजेटीआयमध्ये शिकले, पुढे टाटांच्या पोलाद कंपनीत विक्रीखात्यात वरच्या पदाला पोचले, आणि दुसऱ्या महायुद्धात देशाचे पहिले पोलाद नियंत्रक झाले. कैलासचंद्रांची वाट वेगळी. लाहोरचे गव्हर्नमेंट कॉलेज, मग केंब्रिज, मग कलकत्त्यात सर राजेंद्रनाथ मुखर्जींच्या मार्टिन कंपनीत नोकरी. राजेंद्रनाथ म्हणजे एका बंगाली माणसाने इंग्रजांच्या बरोबरीने उभा केलेला उद्योग. कैलासचंद्रांनी पुढे त्यांचे चरित्र लिहिले. धंद्यातला माणूस आपल्या वरिष्ठाचे चरित्र लिहायला बसतो, हे मला फार बोलके वाटते. हिशेबाच्या वहीपलीकडे पाहण्याची सवय असल्याशिवाय हे होत नाही.

1942 साली सरकारने त्यांना भारताच्या पुरवठा मंडळाचे प्रमुख म्हणून अमेरिकेला पाठवले. युद्ध पेटलेले होते आणि वॉशिंग्टनमध्ये बसून हिंदुस्थानसाठी लागणारा माल मिळवायचा होता. त्या दिवसांत अमेरिकेत एका गाडीचा फार बोलबाला होता. विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड या दोन कारखान्यांनी युद्धकाळात तिचे सहा लाखांहून जास्त नग बनवले. ती म्हणजे जीप. आपण जीपला जीप म्हणतो, पण लष्कराच्या कागदोपत्री तिचे नाव होते पाव टनाचा ट्रक! म्हणजे माणसे नेणारी मोटार नव्हेच. पाव टन ओझे घेऊन चिखलातून, दगडातून, नाल्यातून जाणारा छोटा ट्रक. लांबी जेमतेम 11 फूट. विलीजचे मुख्य अभियंते बार्नी रूस यांच्याशी कैलासचंद्रांची तिथे गाठ पडली, असे महिंद्रांच्या कंपनीत सांगितले जाते. त्यांनी त्या गाडीत काय पाहिले असेल याची कल्पना मी करू शकतो. आपल्या देशात खेडी लाखांनी आणि त्यांना जोडणारी पक्की सडक नावापुरती. अशा ठिकाणी लांबलचक, चकचकीत मोटार काय कामाची?

युद्ध संपले, कैलासचंद्र परतले. 2 ऑक्टोबर 1945 रोजी दोघा बंधूंनी गुलाम मोहम्मद यांच्याबरोबर पोलादाच्या व्यापाराची कंपनी काढली. नाव ठेवले महिंद्रा अँड मोहम्मद. गुलाम मोहम्मद मूळचे लाहोरचे, अलिगढला शिकलेले, हिशेबात पक्के. रेल्वेच्या हिशेबखात्यातून वर आलेले, निजामाच्या हैदराबादेत अर्थखाते सांभाळलेले. एक हिंदू घर आणि एक मुसलमान भागीदार. त्या काळच्या पंजाबात यात कुणाला काही नवल वाटले नसते.

दोन वर्षांत फाळणी झाली. ज्या लाहोरात कैलासचंद्र शिकले ते परदेश झाले, आणि ज्या भागीदाराचे नाव पाटीवर होते तो पाकिस्तानचा पहिला अर्थमंत्री झाला. 1948 साली कंपनीचे नाव बदलून महिंद्रा अँड महिंद्रा करण्यात आले. इंग्रजी आद्याक्षरे मात्र दोन्ही वेळा तीच राहिली, एम आणि एम. आज नाशिकच्या रस्त्यावर एखाद्या गाडीच्या पाठीवर ते नाव दिसते तेव्हा त्यातल्या दुसऱ्या एमच्या जागी कोण होते, हे किती जणांना ठाऊक असेल?

बँकेत मी भागीदाऱ्या मोडताना पुष्कळ पाहिल्या. सख्ख्या भावांच्या मोडल्या, त्याही दहा-वीस हजारांवरून. ही मोडली ती दोन माणसांच्या भांडणाने नव्हे, तर दोन देशांच्या सीमेने. गुलाम मोहम्मद पुढे 1951 ते 1955 पाकिस्तानचे गव्हर्नर जनरल होते. तिथली घटना समिती 1954 साली त्यांनी बरखास्त केली, आणि तिकडच्या लोकशाहीच्या दुखण्याचा हिशेब मांडताना त्यांचे नाव आजही निघते. पण 26 जानेवारी 1955 रोजी दिल्लीच्या राजपथावर आपला प्रजासत्ताक दिन साजरा झाला, त्याचे प्रमुख पाहुणे हेच गुलाम मोहम्मद होते. दिल्लीत संचलन पाहणाऱ्या या पाहुण्याच्या जुन्या कंपनीत तोवर जीप तयार होऊ लागली होती.

सुरुवात सुट्या भागांची झाली. विलीजकडून पेट्या यायच्या आणि मुंबईत माझगावला त्या जोडून जीप उभी राहायची. मग हळूहळू एकेक भाग इथेच होऊ लागला. नोकरशाहीच्या, तपासण्यांच्या आणि परदेशी चलनाच्या टंचाईच्या त्या काळात हे किती जिकिरीचे होते, ते परवान्यांचे दिवस पाहिलेल्यांना सांगायला नको. जगदीशचंद्र 1951 साली गेले आणि कंपनीची धुरा कैलासचंद्रांकडे आली. मधल्या काळात सरकारने त्यांना कोळसा खाणींसाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्षही केले होते. तिचा अहवाल 1946 चा. माणूस एक आणि कामे कोळशापासून मोटारीपर्यंत! तरीही मला त्यांचे सर्वांत मोठे काम निवडीचे वाटते. बाजारात श्रीमंतांच्या मोटारींना भाव होता. त्यांनी ओझ्याची गाडी उचलली. पोलीस ठाणी, वनखाते, धरणांची कामे, तालुक्याचा डॉक्टर, सगळीकडे पुढची तीस वर्षे जीपच धावली. माझ्या लहानपणी गावात जीप आली की कुणीतरी साहेब आला असे समजून आम्ही पोरे मागे धावत असू.

कैलासचंद्र 1963 साली वारले. त्याच वर्षी इंटरनॅशनल हार्वेस्टरशी भागीदारी करून ट्रॅक्टरची कंपनी निघाली. 1965 मध्ये जीपच्याच हाडामांसाचा छोटा ट्रक आला, एफसी-150. नाशिकचा कारखाना 1981 चा, म्हणजे तो त्यांनी पाहिलाच नाही. सातपूर-अंबडच्या कितीतरी घरांची चूल त्या कारखान्यामुळे, आणि त्याला लागून उभ्या राहिलेल्या लहान कारखान्यांमुळे पेटली. 2000 साली बोलेरो आणि 2002 साली स्कॉर्पिओ इथूनच बाहेर पडल्या.

आणखी एक गोष्ट, जी बँकवाल्याच्या नजरेला लागलीच सापडते. 1953 साली कैलासचंद्रांच्या नावाने एक शिक्षण विश्वस्त निधी सुरू झाला. परदेशी शिकायला जाणाऱ्या हुशार मुलांना तो निधी कर्ज देतो, आणि ते बिनव्याजी असते.