मौलाना आझाद आणि फातिहाच्या सात आयती

रमजानच्या रात्री तरावीहमध्ये हाफिजसाहेब कुरआन पढत रोज पुढे सरकतात, पण प्रत्येक रकातीची सुरुवात एकाच सूरहने होते. सूरह फातिहा. सात लहानशा आयती. पाच वक्तांच्या फर्ज नमाजच्याच सतरा रकाती होतात. त्यात सुन्नत, नफ्ल आणि तरावीह मिळवली, तर एका रोजेदाराच्या ओठांवर किंवा कानांवर ही सूरह दिवसात किती वेळा येते, याचा हिशेब कोणी ठेवत नाही. लहानपणी अलिफ-बे शिकताना पाठ झालेली ही सूरह जिभेवर इतकी रुळलेली असते की अर्थाकडे लक्ष जातेच असे नाही. मौलाना अबुल कलाम आझाद यांचे लक्ष गेले. या सात आयतींवर त्यांनी एक स्वतंत्र ग्रंथ होईल एवढे लिहिले आणि ते लिहिण्यासाठी आयुष्यातील ऐन उमेदीची वर्षे दिली.

शाळेच्या पुस्तकात मौलाना भेटतात ते स्वतंत्र भारताचे पहिले शिक्षणमंत्री म्हणून, काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून. ते बरोबरच आहे. पण राजकारणाच्या त्या गजबजाटाखाली त्यांचा कुरआनशी एक संवाद सतत चाललेला होता, आणि त्याची सुरुवात श्रद्धेपासून झाली नव्हती, संशयापासून झाली होती.

मौलानांचा जन्म १८८८ साली मक्केत झाला. वडील मौलाना खैरुद्दीन मोठे पीर होते. आई अरब घराण्यातील. पुढे कुटुंब कलकत्त्यात आले. वडिलांचा आधुनिक शिक्षणावर विश्वास नव्हता, त्यामुळे मुलाचे सारे शिक्षण घरीच झाले. अरबी, फारसी, फिकह, तत्त्वज्ञान, गणित. जो अभ्यासक्रम संपवताना इतरांची विशी उलटते, तो या मुलाने सोळाव्या वर्षीच संपवला आणि तो इतरांना शिकवूही लागला. घरी मुरीदांची वर्दळ असे. पीरसाहेबांचा मुलगा म्हणून वयाने कितीतरी मोठी माणसे त्याच्यापुढे अदबीने वाकत. अशा घरात वाढलेल्या मुलाला सगळी उत्तरे आयती मिळालेली असतात. त्याने प्रश्न विचारला नाही तर कोणाचीच हरकत नसते.

या मुलाने प्रश्न विचारले. सर सय्यद अहमद खान यांचे लेखन हाती आले आणि परंपरेने दिलेल्या गोष्टींचा पाया तपासावासा वाटू लागला. पहिला प्रश्न मुसलमानांमधील पंथभेदांचा होता. सगळे एकाच उगमाचे पाणी पितात, तर मग एकमेकांना चुकीचे का ठरवतात? दुसरा प्रश्न त्याहून मोठा होता. धर्म जर एकच सत्य सांगत असेल, तर धर्माधर्मांत भांडण का? आणि तिथून संशय थेट धर्मापर्यंतच पोहोचला. काही वर्षे अशी गेली की वारशाने मिळालेली श्रद्धा गळून पडली होती आणि स्वतःची अशी अजून हाती आली नव्हती. याच काळात त्यांनी आझाद हे टोपणनाव घेतले. आज या नावात देशाचे स्वातंत्र्य ऐकू येते, पण मौलानांनी पुढे सांगितलेला त्याचा अर्थ निराळा होता. वारशाने आलेल्या समजुतींना आपण आता बांधलेले नाही, एवढेच त्यांना त्यातून सुचवायचे होते.

१९०८ मध्ये वडील वारले. मुरीदांची अपेक्षा होती की धाकटे पीरसाहेब गादी सांभाळतील. मौलानांनी ती सांभाळली नाही. हात चुंबून घेण्याची सोय नाकारणे ही लहान गोष्ट नव्हे. विशी ओलांडता ओलांडता श्रद्धा परत आली, पण आता ती स्वतः शोधलेली होती. ज्या प्रश्नांनी झोप उडवली होती, त्यांची उत्तरे त्यांना कुरआनमध्येच सापडू लागली.

१९१२ मध्ये त्यांनी कलकत्त्याहून अल-हिलाल साप्ताहिक काढले. कुरआनच्या आयती आणि देशाचे स्वातंत्र्य एकाच ओळीत आणणारे असे लेखन उर्दूत आधी कोणी वाचले नव्हते. सरकारने जामीन मागितला, जप्त केला, पत्र बंद पडले. मग अल-बलाग निघाले. कुरआनचा अनुवाद आणि भाष्य हाती घेतल्याचे मौलानांनी याच सुमारास वाचकांना कळवले. काम नुकते मार्गी लागत होते, तोच १९१६ मध्ये बंगाल सोडून जाण्याचा हुकूम आला. पंजाब, दिल्ली, संयुक्त प्रांत आणि मुंबई इलाख्याची दारे त्यांना आधीच बंद होती. राहिला बिहार. ते त्या वेळी बिहारमध्ये असलेल्या रांचीला गेले आणि काही महिन्यांतच तिथे नजरकैदेत पडले. ही कैद १९१९ च्या अखेरीपर्यंत चालली.

रांचीत त्यांना लोकांपासून तोडायचे होते. मौलाना तिथल्या मशिदीत कुरआन समजावून सांगू लागले, मुलांसाठी मदरसा उभा केला आणि घरी अनुवाद चालू ठेवला. याच काळातली एक गोष्ट, बहुधा डिसेंबर १९१८ मधली. इशाची नमाज पढून मौलाना मशिदीतून बाहेर पडले तेव्हा कोणीतरी मागून येत असल्याचे त्यांना जाणवले. वळून पाहिले तर घोंगडी पांघरलेला एक माणूस. विचारपूस केली तेव्हा कळले की तो सरहद्दीपलीकडचा आहे. कंदहारहून क्वेट्ट्यापर्यंत तो पायी आला होता. तिथे त्याच्या मुलखातले काही व्यापारी भेटले, त्यांनी नोकर म्हणून बरोबर घेतले आणि आग्र्यापर्यंत आणले. आग्र्याहून रांचीपर्यंत पुन्हा पायी. डिसेंबरच्या थंडीत, अंगावर एक घोंगडी. एवढा त्रास कशासाठी, असे मौलानांनी विचारले. कुरआनचे काही भाग त्याला मौलानांकडून समजून घ्यायचे होते. अल-हिलाल आणि अल-बलाग त्याने शब्दन् शब्द वाचले होते.

तो काही दिवस राहिला, शिकला आणि एके दिवशी अचानक निघून गेला. निरोपही घेतला नाही. परतीच्या वाटेसाठी मौलाना पैसे देऊ करतील, आणि हा भार त्यांच्यावर टाकायचा नाही, म्हणून तो न भेटता गेला असावा असे मौलानांना वाटले. परतीची बरीचशी वाटही तो पायीच चालला असणार. ज्याला नजरकैदेत टाकून सरकारने मुका करू पाहिले, त्याच्या दारी सूरह आणि आयतींचा अर्थ विचारायला कंदहारहून माणूस येतो, हे त्या सरकारच्या कोणत्या फायलीत नोंदले गेले असेल?

फायलींचा विषय निघालाच आहे तर हस्तलिखितांचेही सांगायला हवे. मौलानांच्या घराच्या झडत्या पुन्हा पुन्हा होत आणि राजद्रोही मजकूर शोधणाऱ्या पोलिसांना उर्दूत लिहिलेला प्रत्येक कागद संशयास्पद वाटे. कुरआनचे भाष्यही त्यातून सुटले नाही. सर्वांत मोठा घाव १९२१ च्या अटकेनंतर बसला. अनुवाद छपाईच्या वाटेवर होता. पोलिसांनी कागद उचलून नेले. मौलानांवर खटला चालला, एक वर्षाची सक्तमजुरी झाली. १९२३ मध्ये सुटून आल्यावर त्यांनी कागद परत मागितले तेव्हा हाती आला तो फाटक्या, एकमेकांत मिसळलेल्या पानांचा ढीग. कित्येक वर्षांची मेहनत. ज्याने कधी हाताने एखादे मोठे लेखन केले आहे त्यालाच या ढिगाचे वजन कळेल. मौलानांचे मन उडाले. पुढची काही वर्षे त्यांनी या कामाला हात लावला नाही. ते सगळे पुन्हा लिहिणे त्यांना अशक्य वाटत होते.

१९२७ मध्ये त्यांनी पुन्हा सुरुवात केली. तर्जुमानुल कुरआनची प्रस्तावना १९३० च्या नोव्हेंबरमध्ये पूर्ण झाली, तीही मेरठच्या तुरुंगात. १९३१ मध्ये पहिला खंड निघाला. मोठ्या ग्रंथाचे अर्पण नवाबाला, आश्रयदात्याला किंवा उस्तादाला करण्याची रीत होती. मौलानांनी तो अर्पण केला त्या घोंगडीवाल्या माणसाच्या आठवणीला. त्याचे नाव त्यांना आठवत नव्हते, तो जिवंत आहे की नाही हेही ठाऊक नव्हते.

या पहिल्याच खंडात फातिहाचे विस्तृत भाष्य आहे. कुरआनवर ग्रीक तत्त्वज्ञान लादणाऱ्या जुन्या भाष्यकारांवर मौलाना नाराज होते आणि त्यात आधुनिक विज्ञान शोधत बसणाऱ्या नव्यांवरही. ज्या साध्या अरबांनी हा कलाम पहिल्यांदा ऐकला, त्यांना तो जसा कळला तसा तो वाचावा, असा त्यांचा आग्रह होता. मग ते एकेका शब्दापाशी थांबतात. रब या शब्दापाशी सर्वांत जास्त. रब म्हणजे केवळ निर्माण करणारा नाही. जपत, वाढवत, ज्या वेळी जे लागेल ते त्या वेळी पुरवत नेणारा. उदाहरण म्हणून ते तत्त्वज्ञानाकडे जात नाहीत, आईकडे जातात. मूल जन्मते तेव्हा त्याला पचेल असे पातळ दूध आईच्या छातीत तयार असते. मूल वाढते तसे दूध बदलत जाते आणि दुसरे अन्न पचू लागले की ते आटते. ही योजना ज्याची, तो रब. आणि तो कोणाचा रब? फातिहा त्याला एका जमातीचा रब म्हणत नाही, सगळ्या जगांचा म्हणते. त्याच्या रहमतीनंतर इन्साफाच्या दिवसाचा उल्लेख येतो. मौलानांच्या मते हा न्यायही त्या दयेच्याच व्यवस्थेतला आहे, तिच्या विरोधात उभा नाही.

सरळ मार्गाची दुआ येते तेव्हा त्यांच्या तरुणपणीचा तो दुसरा प्रश्न परत येतो. त्याचे उत्तर ते असे देतात की दीन सर्व पैगंबरांनी एकच सांगितला, एका अल्लाहची भक्ती आणि सत्कर्म. काळ आणि समाजानुसार बदलत गेली ती शरीअत, म्हणजे आचाराची चौकट. माणसांनी चौकटीलाच दीन मानले आणि गट पाडले. ज्या प्रश्नाने एका मुलाची श्रद्धा काढून घेतली होती, तोच प्रश्न त्याच्या ग्रंथाचा कणा झाला.

यावर वाद झाला. पैगंबर मुहम्मद (स.) यांच्यावर ईमान न ठेवताही मुक्ती मिळते असे मौलाना सुचवत आहेत की काय, असा आक्षेप काही उलेमांनी घेतला. मौलानांनी पत्रांतून खुलासा केला की आपला तसा अर्थ नाही. वाद मात्र पूर्ण मिटला नाही. दुसरा खंड १९३६ मध्ये आला आणि तेविसाव्या सूरहपाशी, अल-मोमिनूनपाशी थांबला. तिसऱ्या खंडाची वाट वाचक बघत राहिले. तो मौलानांच्या हयातीत आलाच नाही. २२ फेब्रुवारी १९५८ रोजी त्यांचे निधन झाले. एवढ्या मोठ्या राजकीय आयुष्यात हे काम मागे पडले, याची खंत उर्दू वाचकांना आजही आहे आणि ती रास्त आहे.

मौलानांचा अल्लाहशी असलेला संबंध सर्वांत जवळून दिसतो तो अहमदनगरच्या किल्ल्यात. ९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत पहाटे अटक झाली आणि नेहरू, पटेल यांच्यासह त्यांना या किल्ल्यात आणले गेले. रात्रीच्या शेवटच्या प्रहरी उठण्याची सवय त्यांना वडिलांकडून लागली होती. सहेरीला घरे जागी होतात त्या वेळेला, तीन-चारच्या सुमारास, ते उठत, स्वतःच्या हाताने चिनी चहा करत आणि लिहायला बसत. एका मित्राच्या नावे लिहिलेली ही पत्रे किल्ल्याबाहेर जाऊ शकत नव्हती. ती पुढे १९४६ मध्ये गुबारे खातिर नावाने छापली गेली. त्यांत खोलीतल्या चिमण्या आहेत, बाग आहे आणि ईश्वराच्या अस्तित्वावर एक दीर्घ पत्रही आहे.

पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यात आजारी होत्या. मुंबईला निघताना दारापर्यंत येऊन त्यांनी खुदा हाफिज म्हटले, तेवढीच शेवटची भेट. तब्येत बिघडल्याच्या बातम्या येऊ लागल्या. सरकारला काही सांगायचे असेल तर आपण कळवू, असे तुरुंग अधिकाऱ्याने सुचवले. नेहरूही बोलले. मौलानांनी सरकारकडे काहीही मागायला नकार दिला. ९ एप्रिल १९४३ रोजी त्या गेल्या. मौलानांनी दिनक्रम मोडला नाही. वेळेवर जेवण, वेळेवर लेखन. पण बाहेरून दिसणारी ही शांती बरीचशी देखाव्याची होती, हे त्यांनी स्वतःच पत्रात लिहून ठेवले आहे. किल्ल्याच्या आवारात कोणाची तरी एक जुनी कबर होती. रोज नजरेस पडणाऱ्या त्या कबरीशी आता आपले काही नाते जुळले आहे, असे त्यांना वाटू लागले.

१९४५ च्या जूनमध्ये त्यांची बंगालमधील बांकुऱ्याहून सुटका झाली. हावडा स्टेशनवर गर्दी लोटली होती. मोटारीपुढे बँड वाजत होता. आपले सोबती अजून तुरुंगात असताना हा आनंद कसला, म्हणून त्यांनी बँड थांबवायला सांगितले. मग मोटार घराकडे न नेता कबरस्तानाकडे घ्यायला लावली. मोटार हारांनी भरून गेली होती. त्यांतला एक हार उचलून त्यांनी झुलेखा बेगमच्या कबरीवर ठेवला आणि आवाज न करता फातिहा पढली.