सत्तावनचे युद्ध आणि मोलमपल्लीचे बाबूराव

सडक अर्जुनीच्या वर्गात अठराशे सत्तावनचा धडा शिकविला जातो तेव्हा नकाशावरील बोट मीरत, दिल्ली, कानपूर, झाशी असे फिरते आणि नर्मदेच्या उत्तरेलाच थांबते. समोर बसलेल्या गोंड विद्यार्थ्याला त्यात आपले म्हणावे असे एकही गाव सापडत नाही. वस्तुतः त्याच्या तालुक्याच्या दक्षिणेला, वर्धा आणि वैनगंगा एक होऊन जिथे प्राणहिता होते त्या खोऱ्यात, याच युद्धाची एक आघाडी १८५८ साली पेटली होती. बाबूराव पुल्लेसूर शेडमाके हे तिच्या नायकाचे नाव. २००९ साली ते टपाल तिकिटावर आले. धड्यात मात्र ते शिक्षकाने स्वतःहून सांगितले तरच येते.

बाबूरावांचा जन्म १८३३ साली अहेरी भागातील किष्टापूरचा. घराणे मोलमपल्लीच्या गोंड जमीनदारांचे. ते विशीत असताना, १८५३ च्या डिसेंबरात, नागपूरचे तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले आणि पुढच्याच वर्षी राज्य खालसा झाले. सडक अर्जुनीचा मुलूखही त्याच राज्यातला, तेव्हा हा प्रसंग दोन्हीकडच्या गावांचा सामाईक आहे. भोसल्यांच्या अमदानीत चांद्याचे जमीनदार टाकोळी म्हणून नाममात्र रक्कम भरीत आणि आपल्या रानात बहुतांशी आपलाच कारभार चालवीत. नव्या राजवटीत चांदा हा डेप्युटी कमिशनरचा जिल्हा झाला. भोसल्यांचे सैन्य मोडल्यामुळे अनेक शिपायांची रोजी बुडाली. असंतोष केवळ राजनिष्ठेतून उपजत नाही. त्याच्या मुळाशी पुष्कळदा जमिनीचा हक्क आणि बुडालेला पगार असतो, हे येथे ध्यानात घ्यावे लागते.

१८५८ च्या मार्च महिन्यात बाबूरावांनी राजगड परगण्यावर चाल केली. त्यांच्या सेनेत गोंड होते, तसेच रोहिलेही होते. रानातला भूमिपुत्र आणि परमुलखातून आलेला भाडोत्री शिपाई एका निशाणाखाली लढले, ही गोष्ट एरवी प्रबंधाचा विषय व्हावी. अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. चांद्याचा डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन याने फौज धाडली. १३ मार्चला नांदगाव-घोसरीपाशी लढाई झाली, पुढे गढी सुर्ल्याच्या डोंगरात चकमकी झडल्या. २९ एप्रिलला प्राणहितेकाठी चिंचगुंडी येथे तारखात्याच्या तळावर हल्ला झाला. गार्टलँड आणि हॉल हे दोघे मारले गेले, पीटर निसटला. या तिघांची नावे जिल्ह्याच्या इतिहासात नीट नोंदलेली आहेत. त्याच इतिहासात बाबूरावांचे शिपाई मात्र नुसते गोंड आणि रोहिले म्हणून येतात.

क्रिक्टनला रानात जे साधले नाही ते अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्या मदतीने साधले. त्याच वर्षी झाशीत दुसरी लक्ष्मीबाई लढत होती. नावांचा हा योगायोग विलक्षण खराच. अहेरीच्या बाईंना फितूर म्हणून मोकळे होणे सोपे आहे. तथापि नागपूरचे राज्य खालसा होताना ज्यांनी पाहिले, त्यांना आपल्या जमीनदारीचे भवितव्य दिसत नसेल असे कसे म्हणावे? बाबूराव एकदा पकडले गेले आणि निसटले. १८ सप्टेंबरला ते पुन्हा हाती लागले. चांद्यात खटला चालला आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्यांना तुरुंगात फाशी देण्यात आले. वय अवघे पंचवीस. त्या तुरुंगाच्या आवारात आजही त्या दिवशी माणसे त्यांना वंदन करण्यास जमतात.

व्यंकटराव बस्तरकडे निघून गेले होते. बस्तरच्या राजाने १८६० साली त्यांना इंग्रजांच्या स्वाधीन केले. जन्मठेप झाली, मालमत्ता जप्त झाली. एकाची जप्त केलेली जमीन हेच दुसऱ्याचे इनाम, हा हिशेब कंपनीला चांगला अवगत होता आणि कंपनी गेल्यावर आलेल्या राणीच्या सरकारनेही तो सोडला नाही. अडपल्ली आणि घोट या जमीनदाऱ्यांची ६७ गावे लक्ष्मीबाईंना बक्षीस मिळाली. व्यंकटरावांच्या मुलखातली घरे त्यानंतर अहेरीला सारा भरू लागली.