अमेरिकेत आज लोक खिशात जे पिस्तूल बाळगतात, त्याचं गणित जॉन ब्राउनिंगने १०० वर्षांपूर्वीच सोडवलं होतं

अमेरिकेत पहिल्यांदा पिस्तूल घ्यायला गेलेला माणूस दुकानाच्या काउंटरवरच गोंधळतो. कपड्यांखाली लपवून सोबत बाळगायचं म्हणजे ते चपटं हवं, हलकं हवं. पण पिस्तूल जितकं लहान, तितका हाताला झटका जास्त आणि गोळ्या कमी. मोठं घेतलं तर नेम चांगला लागतो, पण चार दिवसांत वजनाचा कंटाळा येतो आणि ते कपाटात जाऊन पडतं. शिवाय खिशातच गोळी सुटली तर काय, ही भीती वेगळीच.

आज तिथल्या अर्ध्याहून जास्त राज्यांमध्ये पिस्तूल लपवून बाळगायला वेगळा परवाना लागत नाही. त्यामुळे हा प्रश्न तिथे अगदी रोजचा आहे. विशेष म्हणजे या प्रश्नामागचं जवळपास सगळं गणित एकाच माणसाने १८९५ ते १९१० या काळात मांडून ठेवलं होतं. त्याचं नाव जॉन मोझेस ब्राउनिंग.

२२ भावंडांमधला एक

ब्राउनिंगचा जन्म जानेवारी १८५५ मधला. गाव ऑग्डन, तेव्हाच्या युटा टेरिटरीमधलं. वडील जोनाथन हे बंदुका बनवणारे कारागीर. कुटुंब मॉर्मन पंथाचं. वडिलांची तीन लग्नं झाली होती आणि त्यांना एकूण २२ मुलं होती.

जॉन वडिलांच्या दुकानातच वाढला. दहाएक वर्षांचा असताना त्याने भंगारातली जुनी नळी घेऊन पहिली बंदूक जोडली, असं सांगतात. १८७९ मध्ये त्याचं लग्न झालं, वडील वारले आणि त्याच वर्षी त्याला पहिलं पेटंट मिळालं. हे पेटंट एका वेळी एकच गोळी झाडणाऱ्या रायफलचं होतं. भावांना हाताशी धरून तो ती ऑग्डनमध्येच बनवून विकायला लागला.

१८८३ मध्ये ही रायफल विंचेस्टर कंपनीच्या नजरेस पडली. कंपनीचे बडे अधिकारी टी. जी. बेनेट थेट ऑग्डनला आले आणि ८ हजार डॉलरला हक्क विकत घेऊन गेले. त्यानंतर साधारण २० वर्षं ब्राउनिंग डिझाईन करायचा आणि विंचेस्टर विकत घ्यायची. यातली बरीचशी डिझाईन बाजारात कधी आलीच नाहीत. दुसऱ्या कंपनीच्या हाती लागू नयेत म्हणून विंचेस्टर ती घेऊन ठेवायची.

गवत हललं आणि डोक्यात विचार आला

ब्राउनिंगच्या आयुष्यातला सगळ्यात गाजलेला किस्सा १८८९ चा आहे. नेमबाजी चालू असताना त्याच्या लक्षात आलं की प्रत्येक गोळीबरोबर बंदुकीच्या तोंडासमोरचं गवत वाकतंय. गोळी सुटल्यावर मागून येणारा वायू ते वाकवत होता. म्हणजे प्रत्येक वेळी एवढी ताकद फुकट जात होती. हीच ताकद वापरली तर बंदूक स्वतःच पुढची गोळी भरेल, असं त्याच्या डोक्यात आलं.

यातून आधी मशीनगन तयार झाली. मग त्याने आपोआप भरण्याची ही कल्पना पिस्तुलाकडे वळवली.

खिशातल्या पिस्तुलाची अडचण काय होती?

तोपर्यंत खिशात ठेवायला दोन प्रकार होते. एक डेरिंजर पद्धतीचं छोटं पिस्तूल. १८६५ मध्ये अब्राहम लिंकन यांची हत्या याच प्रकारच्या पिस्तुलाने झाली होती. त्यात एकच गोळी असायची. दुसरं रिव्हॉल्वर. त्यात पाच-सहा गोळ्या मावायच्या, पण त्या गोल फिरणाऱ्या सिलिंडरमध्ये. हा सिलिंडर जाड असल्यामुळे कोटाच्या खिशाला फुगवटा यायचा.

ब्राउनिंगने गोळ्या एकावर एक रचून मुठीतल्या मॅगझीनमध्ये टाकल्या. नळीवर मागे-पुढे सरकणारी स्लाइड बसवली. गोळी सुटली की तिच्या झटक्याने स्लाइड मागे जाते, रिकामं काडतूस बाहेर फेकते आणि स्प्रिंगच्या जोरावर परत येताना नवीन गोळी आत ढकलते. आता सिलिंडरची गरजच उरली नाही आणि पिस्तूल चपटं झालं.

अमेरिकेत त्याची पिस्तुलं कोल्ट कंपनी बनवणार होती. १८९७ मध्ये बेल्जियमच्या एफएन कंपनीचे प्रतिनिधी हार्ट बर्ग अमेरिकेत आले होते. त्यांनी हे छोटं पिस्तूल पाहिलं आणि युरोपसाठी करार केला. पुढे ते मॉडेल १९०० म्हणून गाजलं. त्यात सात गोळ्या मावायच्या. युरोपात ते इतकं खपलं की फ्रेंच भाषेत ब्राउनिंग हा पिस्तुलासाठीचा साधा शब्दच होऊन गेला.

लहान करायचं, तर काय सोडायचं?

या पिस्तुलासाठी त्याने .३२ एसीपी हे काडतूस तयार केलं. त्याची ताकद मध्यम ठेवली होती. ताकद मोठी असेल तर गोळी बाहेर पडेपर्यंत नळी आणि स्लाइड एकमेकांना अडकवून ठेवणारी यंत्रणा लागते आणि पिस्तूल वाढतं. .३२ ला तसं काही लागत नाही. स्लाइडचं वजन आणि स्प्रिंग एवढ्यावर काम भागतं. त्यामुळे पिस्तूल लहान, साधं आणि स्वस्त राहिलं.

१९०३ च्या कोल्ट पॉकेट पिस्तुलात त्याने दुसरा प्रश्न सोडवला. मागे बाहेर आलेला हॅमर खिशातून काढताना कापडात अडकतो. ब्राउनिंगने तो आत लपवला. नावात हॅमरलेस असलं तरी हॅमर आत असतोच. शिवाय मुठीच्या मागे एक पट्टी दिली. मूठ नीट पकडून ती दाबली तरच गोळी सुटते. खिशात चुकून गोळी सुटण्याची भीती यामुळे बरीच कमी झाली. साधारण ६८० ग्रॅमचं हे पिस्तूल ४० वर्षांहून जास्त काळ बनत राहिलं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यातल्या जनरलनाही ते दिलं जायचं.

त्यानंतर १९०५ चं व्हेस्ट पॉकेट आलं. वजन ४०० ग्रॅमच्या आत आणि लांबी जेमतेम साडेअकरा सेंटीमीटर. पण त्यासाठी गोळी आणखी लहान घ्यावी लागली, ती .२५ एसीपी. म्हणजे पिस्तूल सहज लपतं, पण ताकद कमी मिळते.

दुसऱ्या टोकाला होतं लष्करासाठी बनवलेलं .४५ चं मॉडेल १९११. चाचणीत त्यातून ६ हजार गोळ्या झाडल्या आणि ते एकदाही अडकलं नाही. पण वजन १ किलोच्या वर. कोटाच्या खिशात ते कोण ठेवणार? आज पहिलं पिस्तूल घेणारा माणूस याच दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आपली जागा शोधत असतो.

सन्मान आणि साराजेव्हो

१९१४ च्या सुरुवातीला एफएनने १० लाखाव्या ब्राउनिंग पिस्तुलाचा सोहळा केला. बेल्जियमने त्याला ऑर्डर ऑफ लिओपोल्ड हा सन्मान दिला.

त्याच वर्षी २८ जूनला साराजेव्होमध्ये १९ वर्षांच्या गाव्रिलो प्रिन्सिपने ऑस्ट्रियाचे युवराज फ्रान्झ फर्डिनांड आणि त्यांची पत्नी सोफी यांना गोळ्या घातल्या. त्याच्या हातात एफएन ब्राउनिंग मॉडेल १९१० होतं. खिशात अडकू नये म्हणून त्याची बाहेरची बाजू अगदी गुळगुळीत ठेवली होती. गर्दीत उभ्या असलेल्या या पोराकडे पिस्तूल आहे हे कुणालाच कळलं नाही. महिनाभरात युरोप पहिल्या महायुद्धात ओढला गेला.

ज्या सोयीमुळे दुकानदार किंवा प्रवासी हे पिस्तूल घेत होता, तीच सोय मारेकऱ्यालाही मिळत होती.

युद्धात अमेरिकेनेही ब्राउनिंगच्याच मशीनगन आणि ऑटोमॅटिक रायफली घेतल्या. रॉयल्टी लावून धरली असती तर त्याला प्रचंड पैसा मिळाला असता. त्याने ठरावीक रकमेवर समाधान मानलं.

कामाच्या टेबलावरच शेवट

२६ नोव्हेंबर १९२६ ला बेल्जियममधल्या लिएजजवळच्या एफएनच्या कारखान्यात काम करताना ब्राउनिंगचं हृदयविकाराने निधन झालं. वय ७१. नावावर १२८ पेटंट. ९ एमएमच्या एका नव्या पिस्तुलाचं काम अर्धवट राहिलं होतं. ते दियूदोने सेव्ह या बेल्जियन डिझायनरने पूर्ण केलं आणि १९३५ मध्ये ते हाय पॉवर नावाने आलं.

भारताशी त्याचं नातं इथेच जुळतं. भारतीय सैन्यात वर्षानुवर्षं वापरात असलेलं ईशापूर कारखान्याचं ९ एमएम पिस्तूल याच हाय पॉवरवर बेतलेलं आहे. ते काडतूस सामान्य माणसाला मिळत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली लायसन्स काढणाऱ्याला सरकारी कारखान्याचं अशनी पिस्तूल मिळतं, आणि त्यात लागतं ब्राउनिंगचं .३२ एसीपी. इथे नवीन लायसन्सधारकाची गल्लत होऊ शकते. सरकारी .३२ रिव्हॉल्वरचा आकडा तोच असला तरी काडतूस वेगळं असतं. एकाचं दुसऱ्यात चालत नाही.

आता प्लॅस्टिकची बॉडी आली, मॅगझीनमध्ये दहा-बारा गोळ्या मावायला लागल्या. पण वरची स्लाइड, मुठीतलं मॅगझीन आणि लहान की ताकदवान हा प्रश्न, तिन्ही गोष्टी ब्राउनिंगच्याच काळातल्या आहेत. दुकानदार आजही नवीन गिऱ्हाईकाला आधी हेच विचारतो की हे घरी ठेवणार आहात की रोज सोबत नेणार आहात.