पै-पैचा संकल्प : महर्षी धोंडो केशव कर्वे

मनुष्य उत्साहाच्या भरात संकल्प करतो आणि उत्साह ओसरला की तो सोडून देतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे. आमच्या भागात सातपाटीचा कोळी नव्या होडीसाठी, घोलवडचा बागाईतदार विहिरीसाठी, बोईसरच्या कारखान्यात राबणारा कामगार मुलीच्या शिक्षणासाठी पैसा बाजूस टाकू लागतो. पहिले दोन महिने डबा भरत जातो. तिसऱ्या महिन्यात सण येतो, दुखणे येते, डबा रिकामा होतो आणि त्याबरोबर मनही खचते. गेलेला पैसा पुन्हा मिळविता येतो. परंतु खचलेले मन पुन्हा कामास कसे लावावे? या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी आपल्या दीर्घ आयुष्याने दिले, त्या महर्षी कर्वे यांचे चरित्र आम्ही यंदा आमच्या विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवीत आहो.

धोंडो केशव कर्वे, ज्यांना लोक आदराने अण्णा म्हणत, यांचा जन्म 18 एप्रिल 1858 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील शेरवली या आजोळच्या गावी झाला. बालपण मुरूडास गेले. घरची स्थिती बेताचीच होती. सतराव्या वर्षी एका परीक्षेसाठी ते मुरूडहून साताऱ्यापर्यंत कुंभार्ली घाटाच्या वाटेने पायी गेले. इतकी पायपीट करून पोहोचल्यावर, मुलगा वयाने लहान दिसतो, या कारणावरून त्यांस परीक्षेस बसू दिले नाही. ते मुकाट्याने परत आले, पुन्हा अभ्यासास लागले आणि पुढे तीच परीक्षा उत्तीर्ण झाले. मॅट्रिक होण्यास त्यांस 1881 साल उजाडले. तेव्हा त्यांचे वय तेवीस वर्षांचे होते. 1884 साली ते मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून गणित विषय घेऊन बी. ए. झाले.

मुंबईस शिकवण्या व शाळांतील नोकऱ्या करून ते संसार चालवीत. याच काळात त्यांनी एक नियम केला. मिळणाऱ्या प्रत्येक रुपयामागे एक पैसा परोपकारासाठी काढून ठेवावयाचा. त्या वेळी रुपयाचे चौसष्ट पैसे होत, म्हणजे चौसष्ट रुपये मिळविले तेव्हा कोठे एक रुपया बाजूस पडे. ही रक्कम मोठी नव्हे. पण तिच्यामुळे हातास वळण लागले. पुढे मुरूडच्या नोकरदार मंडळींकडून त्यांच्या मिळकतीचा लहानसा अंश घेऊन त्यांनी गावाच्या उपयोगासाठी मुरूड फंड उभा केला.

1891 साली प्रथम पत्नी राधाबाई निवर्तल्या. त्याच वर्षी ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापक झाले. 1893 साली त्यांनी पंडिता रमाबाई यांच्या शारदा सदनातील विद्यार्थिनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला. त्याबद्दल मुरूडच्या लोकांनी त्यांस वाळीत टाकले. समाजाचा असा रोष पत्करलेल्या मनुष्याने पुढे त्याच समाजाच्या दारी वर्गणीसाठी उभे राहावयाचे होते!

विधवा मुलींस शिकवून स्वावलंबी करावे, या हेतूने त्यांनी 1896 साली संस्था स्थापिली. जवळची पुंजी त्यांनी संस्थेस दिली; इतकेच नव्हे तर आपल्या आयुष्याच्या विम्याची पाच हजारांची पॉलिसीही तिच्या नावे केली. घरी मुले लहान, पगार तुटपुंजा. आनंदीबाई, म्हणजे पूर्वीच्या गोदूबाई, यास्तव फार दुखावल्या. आम्हास वाटते, त्यांचे दुःख खोटे नव्हते. मोठ्या ध्येयाचे ओझे पुष्कळदा घरातील माणसांच्या खांद्यावरही पडते, आणि चरित्र वाचताना ते खांदे विसरणे न्यायाचे होणार नाही.

1900 साली पुण्यापासून काही मैलांवरील हिंगणे येथे, गोखले नावाच्या एका उदार गृहस्थांनी दिलेल्या जमिनीवर आश्रमाची झोपडी उभी राहिली. रस्ता कसला तो नव्हताच. पावसाळ्यात चिखल तुडवीत जावे लागे. अण्णा दिवसा महाविद्यालयात शिकवीत, संध्याकाळी चालत हिंगण्यास जात, आणि सकाळी पुन्हा पुण्यास येत. सुट्टी लागली की गावोगाव फिरून वर्गणी जमवीत. कोणी दोन आणे देई, कोणी दार लावून घेई. दोन आण्यांचाही हिशेब ते चोख ठेवीत.

1916 साली त्यांनी महिलांचे विद्यापीठ स्थापन केले, तेव्हा विद्यार्थिनी अगदी मोजक्या होत्या. पुढे 1920 साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी जाहीर केली व विद्यापीठास त्यांच्या मातोश्रींचे नाव दिले गेले. दुसरा कोणी असता तर आता स्वस्थ बसला असता. अण्णा मात्र 1929 साली, एकाहत्तराव्या वर्षी, युरोप व अमेरिकेच्या प्रवासास निघाले, आणि त्यानंतर आफ्रिकेतही विद्यापीठासाठी निधी जमवून आले. 1936 साली खेड्यांतील प्राथमिक शाळांसाठी ते पुन्हा पुण्याच्या घरोघरी लहान लहान वर्गण्या मागू लागले. ज्यांच्या कार्यास लाखांची देणगी लाभली होती, त्या हातांस आण्याची लाज वाटली नाही. 1958 साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, भारतरत्न हा किताब देऊन राष्ट्राने त्यांचा गौरव केला. 9 नोव्हेंबर 1962 रोजी त्यांचे देहावसान झाले.

या चरित्रातून आम्ही काय घ्यावे? अण्णांचा उत्साह कधी मंदावलाच नसेल, असे आम्हास वाटत नाही. परंतु त्यांचे काम उत्साहावर अवलंबून नव्हते. ते नियमावर अवलंबून होते. लाखाचा विचार करीत बसणारा थकतो. आजचा पैसा आज बाजूस टाकणारा सहसा थकत नाही. शिवाय तो पैसा कोणासाठी आहे, हे त्यांस ठाऊक होते. हिंगण्याच्या वाटेच्या शेवटी शिकू पाहणाऱ्या मुली होत्या. म्हणून चिखल तुडविता आला.

तेव्हा पालकहो, आपल्या डब्यावर केवळ रकमेचा आकडा लिहू नका. ज्याच्यासाठी साठविता त्याचे नाव लिहा. घरातील सर्वांशी विचारविनिमय करून झेपेल एवढाच हिस्सा ठरवा. एखाद्या महिन्यात डबा रिकामा झालाच, तर साताऱ्याहून मुकाट्याने परतलेला तो मुलगा आठवा, आणि पुढच्या महिन्याचा पहिला पैसा त्यात टाका.