मन मोजता येतं का? सूर्याकडे पाहून दृष्टी गमावून बसलेल्या फेख्नर यांनी शोधलेलं उत्तर

अँड्रॉइड फोनचा ब्राइटनेस अर्ध्यावर आणला, की स्क्रीन साधारण अर्धी मंद झाल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात स्क्रीनमधून बाहेर पडणारा प्रकाश तेव्हा निम्म्याहून बराच कमी झालेला असतो. २०१८ साली आलेल्या अँड्रॉइड ९ मध्ये गुगलनं हा स्लायडर मुद्दाम तसा बनवला. मंद उजेडातला थोडासा बदलही डोळ्यांना लगेच कळतो, झगझगीत उजेडातला तेवढाच बदल मात्र कळत नाही, हे त्यामागचं कारण.

या स्लायडरमागचं गणित १६० वर्षांहून जुनं आहे. ते मांडणाऱ्या जर्मन शास्त्रज्ञाचं नाव गुस्ताव्ह थिओडोर फेख्नर. मानसशास्त्राला प्रयोगशाळेत नेणारा पाया त्यांनी घातला असं मानलं जातं. गंमत म्हणजे, मानसशास्त्र नावाचं नवं शास्त्र उभं करणं हा त्यांचा उद्देशच नव्हता. त्यांना सिद्ध करायचं होतं वेगळंच काही.

कोण होते फेख्नर?

१९ एप्रिल १८०१ रोजी लुसेशिया प्रांतातल्या ग्रोस झेरखेन या खेड्यात त्यांचा जन्म झाला. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. वडील गावच्या चर्चचे पाद्री, पण काळाच्या पुढचे. चर्चच्या मनोऱ्यावर त्यांनी वीजरोधक बसवला. देवाच्या घराला विजेपासून वाचवायला लोखंडी कांब कशाला, म्हणून गावकरी चक्रावले होते. गुस्ताव्ह पाच वर्षांचे असताना वडील वारले आणि मामांनी त्यांना वाढवलं.

१८१७ मध्ये ते वैद्यकशास्त्र शिकायला लाइपझिगला आले आणि पुढची ७० वर्षं तिथेच राहिले. वैद्यकाची परीक्षा ते पास झाले, पण डॉक्टरकीत मन रमलं नाही. त्या काळच्या औषधोपचारांवर त्यांचा विश्वासच नव्हता. आयोडीन हे तेव्हा अनेक रोगांवरचं रामबाण औषध म्हणून गाजत होतं. त्याची टर उडवण्यासाठी त्यांनी १८२१ मध्ये ‘डॉ. मिझेस’ या टोपणनावानं एक पुस्तिका लिहिली. चंद्र आयोडीनचा बनलेला आहे, हे त्यात त्यांनी अगदी गंभीर चेहऱ्यानं ‘सिद्ध’ केलं होतं.

पोटापाण्यासाठी त्यांनी फ्रेंचमधल्या भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांचे जर्मन अनुवाद केले, डझनाहून अधिक खंड. या अनुवादांतूनच ते भौतिकशास्त्र शिकले. १८३१ मध्ये त्यांनी विजेच्या प्रवाहाची काटेकोर मोजमापं प्रसिद्ध केली. ओहमचा नियम तेव्हा अवघा चार वर्षांचा होता आणि अनेकांना तो पटलेला नव्हता. फेख्नर यांच्या आकड्यांनी त्याला बळ दिलं. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला आपण हा नियम डोळे मिटून लिहितो, त्यामुळे तो कधीकाळी वादात होता हे लक्षातही येत नाही.

१८३३ मध्ये क्लारा फोल्कमान यांच्याशी त्यांचं लग्न झालं आणि १८३४ मध्ये ते लाइपझिग विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. पण पगार पुरेना. म्हणून त्यांनी घरगुती माहितीचा आठ खंडांचा कोश संपादित करायला घेतला आणि त्यातला जवळपास एक तृतीयांश मजकूर एकट्यानं लिहिला. वयाच्या पस्तिशीतच माणूस थकून गेला होता.

डोळ्यांचं नेमकं काय झालं?

याच काळात त्यांना एका विषयानं झपाटलं होतं. दिव्याकडे टक लावून पाहिल्यावर डोळे मिटले, तरी त्याचा ठसा डोळ्यांसमोर तरंगत राहतो. हा रंग येतो कुठून? काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची चकती गरगर फिरवली, की त्यावर नसलेले रंग दिसतात, अशी नोंदही त्यांनी १८३८ मध्ये केली. बाहेर नसलेली गोष्ट आपल्याला दिसते, म्हणजे पाहण्याचा काही भाग पाहणाऱ्याच्या आत घडतो. तो भाग पकडायचा तर प्रयोग स्वतःवरच करावा लागणार होता. म्हणून ते रंगीत काचांमधून थेट सूर्याकडे पाहत राहिले.

१८३९ च्या सुमारास डोळ्यांनी दगा दिला. उजेड सहन होईना. प्राध्यापकपद सोडावं लागलं आणि ते विल्हेल्म वेबर यांच्याकडे गेलं. (चुंबकीय फ्लक्सचं ‘वेबर’ हे एकक ज्यांच्या नावानं आहे, तेच हे वेबर.) फेख्नर काळ्या भिंतींच्या खोलीत, डोळ्यांवर आवरण घालून बसू लागले. वाचन बंद, लेखन बंद, माणसांना भेटणंही जवळपास बंद. विचारांवर ताबा राहत नव्हता. नको ते विचार थांबवता येत नव्हते. त्यात पोटानंही असहकार पुकारला. अन्न पोटात ठरेना आणि उपासमारीनं जीव जायची वेळ आली.

यातून ते वाचले त्याची गोष्ट चरित्रांमध्ये आवर्जून येते. ओळखीतल्या एका बाईंना स्वप्नात दिसलं, की आपण फेख्नर यांच्यासाठी मसालेदार कच्चं हॅम ऱ्हाइन वाइन आणि लिंबाच्या रसात मुरवून देतो आहोत. त्यांनी तो पदार्थ खरोखरच करून आणला. फेख्नर यांनी कुरकुरत थोडासा चाखला आणि तो पचला! रोज थोडं थोडं खात अंगात शक्ती आली. यात वैद्यकीय तथ्य किती, हा प्रश्न बाजूला ठेवू. माणूस जगला हे खरं.

ऑक्टोबर १८४३ मध्ये त्यांनी बागेत उभं राहून डोळ्यांवरची पट्टी काढली. जवळपास तीन वर्षांच्या अंधारानंतर समोर फुलं होती. ती आतून उजळून निघाल्यासारखी त्यांना दिसली. त्या क्षणानं त्यांची उरलेली कारकीर्द ठरवली. झाडांनाही आत्मा असतो, असं सांगणारं ‘नाना’ हे पुस्तक त्यांनी १८४८ मध्ये लिहिलं. मग १८५१ मध्ये सगळं विश्वच सचेतन आहे असं मांडणारा तीन खंडांचा ग्रंथ आला. त्याला त्यांनी नाव दिलं ‘झेंद-अवेस्ता’. मुंबईतल्या पारशी समाजामुळे हे नाव आपल्याला ओळखीचं आहे. फेख्नर यांनी ते धर्मग्रंथावरून घेतलं असलं तरी ग्रंथातला विचार त्यांचा स्वतःचा होता. सहकारी शास्त्रज्ञांनी या पुस्तकांकडे पाठ फिरवली.

२२ ऑक्टोबर १८५० च्या सकाळी काय सुचलं?

फेख्नर यांचा दावा असा होता, की शरीर आणि मन या दोन वेगळ्या वस्तू नाहीत. एकच वस्तू बाहेरून शरीर दिसते आणि आतून मन. पण हे नुसतं म्हणून कोण ऐकणार? दोन्ही बाजू एकाच वस्तूच्या असतील, तर त्यांना जोडणारं समीकरण असलंच पाहिजे. मनाला गणित लावता येत नाही, म्हणून मानसशास्त्र खरं विज्ञान होऊच शकत नाही, असा निर्वाळा तत्त्वज्ञ कान्ट यांनी १७८६ मध्येच देऊन ठेवला होता. त्यालाच हे आव्हान होतं.

२२ ऑक्टोबर १८५० रोजी सकाळी अंथरुणात पडल्यापडल्या फेख्नर यांना वाट सापडली. संवेदना थेट मोजता येत नसेल, तर संवेदनेतला बदल मोजायचा.

इथे त्यांचे जुने शिक्षक एर्न्स्ट वेबर (विल्हेल्म यांचे थोरले भाऊ) कामी आले. वजनातला फरक हाताला कधी कळतो, हे या वेबर यांनी तपासलं होतं. वजन उचलून पाहताना साधारण ४० वा भाग वाढला तरच फरक कळतो. म्हणजे हातात ४० ग्रॅम असतील तर १ ग्रॅमची भर कळते. पण ४ किलो असतील तर १ ग्रॅम काय, ५० ग्रॅमनंही काही कळत नाही. तिथे सुमारे १०० ग्रॅम लागतात. म्हणजे किती भर पडली यापेक्षा आधी किती होतं त्याच्या कितवा भाग पडली, याला महत्त्व आहे. लाइट गेल्यावर एका मेणबत्तीशेजारी दुसरी लावली तर खोली बदलते. लग्नाच्या हॉलमध्ये तीच मेणबत्ती लावा, कुणाचं लक्षही जाणार नाही.

फेख्नर यांनी यावर एक पाऊल पुढे टाकलं. हा जो जेमतेम जाणवणारा फरक आहे, तीच मनाच्या मोजपट्टीवरची एक रेघ समजायची आणि सगळ्या रेघा सारख्या अंतरावर आहेत असं धरायचं. मग हिशेब असा निघतो: बाहेरचा प्रकाश किंवा आवाज १, १०, १००, १,००० असा पटीत वाढत जातो, तेव्हा आतली संवेदना १, २, ३, ४ अशी एकेका पायरीनं वाढते. शाळेत शिकलेला लॉगॅरिदम तो हाच. याला आज वेबर-फेख्नर नियम म्हणतात.

पुढची दहा वर्षं त्यांनी याचे पुरावे गोळा केले. वजनं उचलण्याच्या एका प्रयोगमालेत त्यांनी स्वतः तब्बल २४,५७६ वेळा तुलना केल्या. ३०० ग्रॅमपासून ३ किलोपर्यंतची दोन-दोन वजनं घ्यायची, दोघांत ४ किंवा ८ टक्क्यांचा फरक ठेवायचा आणि जड कोणतं ते सांगायचं. तोच माणूस, तीच वजनं, तरी उत्तर कधी बरोबर येतं, कधी चूक. एखाद्याने वैतागून प्रयोग सोडला असता. फेख्नर यांनी बरोबर उत्तरांचं प्रमाण काढलं आणि त्या प्रमाणावरून संवेदना किती सूक्ष्म आहे हे मोजलं. माझ्या मते नियमापेक्षा हीच त्यांची मोठी देणगी. चुकांमध्येही माहिती असते, हे त्यांनी मनाच्या अभ्यासात आणलं.

हे सगळं १८६० मध्ये ‘एलेमेंटे डर सायकोफिझिक’ (मनोभौतिकीची मूलतत्त्वं) या दोन खंडांत प्रसिद्ध झालं. आज कानाच्या डॉक्टरकडे हेडफोन लावून आवाज कमी-जास्त करत तपासणी होते आणि ऐकू आला की आपण बटण दाबतो. ती पद्धत याच ग्रंथातल्या पद्धतींची वंशज आहे.

एक मुद्दा ओघात. मेंदूचे दोन अर्ध जोडणारा पूल कापला तर एका माणसात दोन जाणिवा तयार होतील, असा तर्कही त्यांनी याच ग्रंथात केला होता. प्रयोग करणं तेव्हा अशक्य होतं. शंभर वर्षांनी अमेरिकेत रॉजर स्पेरी यांनी अशी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा अभ्यास केला, तेव्हा दोन्ही अर्ध वेगवेगळं पाहतात आणि वेगवेगळं जाणतात असं दिसलं. त्या कामासाठी स्पेरी यांना १९८१ मध्ये नोबेल मिळालं.

नियम बरोबर होता का?

पूर्णपणे नाही. सगळ्या रेघा सारख्या अंतरावर कशावरून, हा आक्षेप त्यांच्या हयातीतच आला आणि वाद २५ वर्षं चालला. प्रत्येक टीकाकाराला ते चिकाटीनं उत्तरं देत राहिले. विल्यम जेम्स यांच्यासारख्या मोठ्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने तर हा सगळा खटाटोप निष्फळ ठरवला. १९५७ मध्ये हार्वर्डच्या एस. एस. स्टीव्हन्स यांनी लॉगॅरिदमऐवजी घातांकाचा नियम मांडला. विजेच्या झटक्याचं उदाहरण घ्या. प्रवाह थोडा वाढला तरी वेदना झपाट्यानं वाढते. फेख्नर यांच्या सूत्रात हे बसत नाही. प्रकाश आणि आवाजाच्या मधल्या पट्ट्यात मात्र त्यांचं सूत्र आजही कामचलाऊ उत्तर देतं, म्हणून ते इंजिनीअरांच्या हाती टिकून आहे.

उतारवयात काय केलं?

सौंदर्य मोजायला घेतलं! १८७१ मध्ये ड्रेस्डेनच्या प्रदर्शनात चित्रकार होल्बाइन यांच्या मॅडोनाची दोन चित्रं शेजारी-शेजारी लावली होती. खरं कोणतं यावर पंडितांत वाद होता. फेख्नर यांनी तिथे वही ठेवली आणि जास्त सुंदर कोणतं ते प्रेक्षकांनी लिहावं, अशी विनंती केली. ११,००० हून अधिक लोक आले, त्यातल्या ११३ जणांनी मत नोंदवलं आणि सूचना नीट न पाळल्यामुळे त्यातलीही बरीच मतं बाद झाली. ऑनलाइन पोल चालवणाऱ्या कुणालाही हे दुःख कळेल. तरी खचून न जाता १८७६ मध्ये त्यांनी सौंदर्यशास्त्रावर ग्रंथ लिहिला.

दरम्यान त्यांची मोजपट्टी इतरांनी उचलली होती. हर्मन एबिंगहाउस यांना जुन्या पुस्तकांच्या दुकानात ‘एलेमेंटे’ची प्रत सापडली. संवेदना मोजता येते तर स्मरणशक्ती का नाही, असं म्हणत त्यांनी विसरण्याचा आलेख काढला. विल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये लाइपझिगमध्येच मानसशास्त्राची प्रयोगशाळा सुरू केली. पाठ्यपुस्तकं मानसशास्त्राचा जन्म याच वर्षी झाल्याचं सांगतात.

त्याच वर्षी, त्याच शहरात ७८ वर्षांच्या फेख्नर यांचंही एक पुस्तक आलं. जग हे मृत, अंधारी यंत्र आहे असं मानणारी ‘रात्रीची दृष्टी’ सोडून ते आतून उजळलेलं पाहणारी ‘दिवसाची दृष्टी’ घ्या, असं त्यात ते पुन्हा एकदा सांगत होते. वुंट यांच्या प्रयोगशाळेने फेख्नर यांच्या पद्धती घेतल्या, ही दृष्टी घेतली नाही. १८ नोव्हेंबर १८८७ रोजी फेख्नर वारले, तेव्हा त्यांना निरोप देणारं भाषण वुंट यांनीच केलं. मनोभौतिकीचे अभ्यासक आजही २२ ऑक्टोबरला ‘फेख्नर दिन’ म्हणतात.